रेडिओला? पैसे?

माझगावचा माणूस वर्गणीला भितो असं कोणी म्हणू नये. गणपतीची, दहीहंडीची, सार्वजनिक सत्यनारायणाची, गच्चीवर टाकायच्या डांबराची, शिवाय पावती फाडणारं मंडळ नेमकं कुठल्या गल्लीतलं हे विचारायचं धाडस होत नाही अशाही काही वर्गण्या आम्ही हसतमुखाने देतो. त्यात एक सोय असते. मागायला माणूस दारात येतो. त्याला ‘उद्या या’ म्हणता येतं, पाचशेचे दोनशे करता येतात, आणि पुढे मंडपात रात्री बारानंतर गाणी लागली तर ‘आम्हीही वर्गणी देतो’ हे वाक्य खिडकीतून फेकता येतं. २००५ च्या सुमाराला मात्र एक अशी वर्गणी आली जी मागायला कोणीच आलं नाही. ती रेडिओसाठी होती, आकाशातून आली होती आणि घासाघीस करायला समोर माणूस नव्हता. आमच्या इमारतीत त्यावरचा पहिला उद्गार तीन मजल्यांवर एकच निघाला: “रेडिओला? पैसे?”

कंपनीचं नाव वर्ल्डस्पेस. इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा या वकिलाने ती १९९० मध्ये अमेरिकेत काढली. मूळ हेतू फार चांगला. आफ्रिका-आशियातल्या ज्या माणसांपर्यंत धड रस्ता पोचत नाही, वर्तमानपत्र पोचत नाही, त्यांना थेट उपग्रहावरून खणखणीत आवाजात उपयोगाची माहिती द्यायची. त्यासाठी १९९८ मध्ये आफ्रिस्टार आणि मार्च २००० मध्ये एशियास्टार असे दोन उपग्रह वर गेले. गोरगरिबांच्या नावाने निघालेली योजना पुढे कितव्या मजल्यावर जाऊन थांबते, हे परळ-लालबागला गिरण्यांच्या चिमण्यांखाली मॉल उगवताना पाहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. काही वर्षांतच हा रेडिओ मोठ्या शहरांतल्या झगमगीत दुकानांत काचेच्या कपाटात जाऊन बसला, त्याच्या जाहिरातीत ए. आर. रहमान दिसू लागले आणि वर्षाची वर्गणी अठराशे रुपयांच्या आसपास झाली. घरातला साधा रेडिओ याला चालत नसे. संच वेगळा घ्यायचा, म्हणजे आधी भांडं विकत घ्यायचं आणि मग दुधाचा रतीब लावायचा.

माल मात्र अस्सल होता. गंधर्व नावाची वाहिनी चोवीस तास हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत लावायची, श्रुतीवर कर्नाटक संगीत, फलकवर गझला आणि कव्वाल्या, फरिश्तावर जुनी हिंदी गाणी. मराठीसाठी सुरभी. जॅझची वेगळी, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची वेगळी. मधे जाहिरात नाही, खरखर नाही, सकाळी सकाळी आनंदाने किंचाळणारा निवेदक नाही. ज्याने उभा जन्म रंगात आलेली बंदिश ‘वेळ संपत आली आहे’ या सबबीखाली विझताना ऐकली, त्याला इथे आलापापासून द्रुतपर्यंत सगळं सलग मिळत होतं. हे ऐकून अनेकांचा हात खिशाकडे गेला. बाहेर आला तेव्हा त्यात रुमाल होता, पण गेला होता हे खरं.

पैशांच्या आधी खरं तर प्रश्न खिडकीचा होता. एशियास्टार विषुववृत्ताच्या वर, १०५ अंश पूर्व रेखांशावर, सुमात्रा बेटाच्या आसपास, छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर ठाण मांडून होता. मुंबईतून तो दिसायचा (म्हणजे दिसला असता तर) पूर्वेकडून जरा आग्नेयेला, क्षितिज आणि डोकं यांच्या साधारण मधोमध. अँटेना आणि तो यांच्यात भिंत, छप्पर, समोरची इमारत, काहीही आलं की आवाज बंद. मुंबईत घराचा भाव समुद्र दिसतो की नाही यावर ठरतो, आणि समुद्र म्हणजे पश्चिमेचा. मलबार हिल, वरळी, दादर चौपाटी इथल्या कोट्यवधींच्या खिडक्यांचा या रेडिओला काडीचा उपयोग नव्हता. उलट आमच्या माझगावातल्या पूर्वेच्या खिडक्या, ज्यांतून गोदीच्या क्रेन, अर्धवट बांधलेल्या युद्धनौका, हार्बर लाइनचे रूळ आणि गंजलेले पत्रे दिसतात आणि ज्यांतून डोकावून मुलीकडची मंडळी ‘अच्छा, इकडेपण समुद्र आहे होय?’ एवढंच म्हणून चहाकडे वळतात, त्या एका रात्रीत उपग्रहाच्या मर्जीतल्या ठरल्या. भंडारवाड्याच्या टेकडीवर, जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात, संच नुसता बाकावर ठेवला तरी लागला असता. पण तिथल्या बाकांवर जी जोडपी आधीच बसलेली असतात त्यांना गंधर्व वाहिनीची गरज नव्हती.

इमारतीत पहिला संच आला तो दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे. काका विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले. माझगावच्या विक्रीकर भवनात त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि तिथून त्यांनी घरी आणलेली एकच गोष्ट म्हणजे नजर. ती समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर न जाता थेट बेरजेवर जात असे. संच बसवायच्या दिवशी त्यांनी मला मदतीला बोलावलं. मदत म्हणजे अँटेना हातात धरून खिडकीच्या लोखंडी जाळीत अर्धं बाहेर उभं राहायचं. अँटेना दिसायला अगदीच गरीब: तळहाताहून थोडी मोठी चौकोनी पाटी, मागे टेकू, खाली लोंबणारी वायर. काका आत खुर्चीत, चष्मा कपाळावर, संचाच्या छोट्या पडद्यावरच्या सिग्नलच्या रेघा मोजत बसलेले.

“वर कर. अजून. अरे, फार वर केलंस, देवाला दाखवायचं नाहीये.”

“आता, काका?”

“आलं! हलू नकोस. श्वास घे, पण हलू नकोस.”

मी हललो नाही. हलली ती काकूंची ओली साडी. जाळीबाहेरच्या काठीवर ती वाळत घातलेली होती आणि गोदीकडून वारा सुटला होता. साडी अँटेनेवर आली की गाणं बंद, बाजूला गेली की सुरू, त्यामुळे किशोरी आमोणकरांची एक तान आम्ही तीन हप्त्यांत ऐकली. खाली रस्त्यावर चार माणसं जमली होती आणि माझगावच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाकडे सल्ला होता. एकाने केबलवाल्याला बोलवायला सांगितलं. दुसऱ्याने विचारलं, “मॅच लागली काय?” शेवटी पाटी तुळशीच्या कुंडीला टेकवून नायलॉनच्या दोरीने बांधली आणि काकूंना त्या काठीवर साड्या वाळत घालायची कायमची मनाई झाली. काकू म्हणाल्या, “म्हणजे अठराशे रुपये पण आपणच द्यायचे आणि कपडे पण आतच वाळवायचे.” या रेडिओवर मी ऐकलेलं सर्वांत नेमकं अर्थशास्त्र ते हेच.

काकांचं अर्थशास्त्र वेगळं होतं. त्यांनी लाल कापडी पाठीची वही घातली. वर्षाचे अठराशे म्हणजे दिवसाला चार रुपये त्र्याण्णव पैसे. रोज एक तास ऐकलं तर तासाचा दर तेवढाच, म्हणजे महाग. पाच तास ऐकलं तर दर रुपयाच्या खाली. दहा तास ऐकलं तर पन्नास पैशांच्या आत. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या खात्यांतली गळती शोधली, त्याला आता स्वतःच्या घरात न ऐकलेला रेडिओ ही गळती दिसायला लागली. सकाळी सहाला संच सुरू व्हायचा. दुपारी काका झोपायचे तेव्हाही तो चालू असायचा, कारण दर झोपेतही पडत राहतो. नुसत्या गंधर्ववर भागेना. पैसे सगळ्या वाहिन्यांचे भरलेत, मग सगळ्यांना न्याय मिळाला पाहिजे, म्हणून वार लावले गेले. सोमवारी जॅझ. गुरुवारी, दत्ताचा वार म्हणून, आध्यात्मिक वाहिनी. शनिवारी संध्याकाळी पाश्चात्त्य शास्त्रीय.

“अहो, कोण ओरडतंय एवढं? कोणी गेलं का?”

“ऑपेरा आहे. इटालियन.”

“मग बंद करा.”

“पैसे भरलेत.”

यावर काकूंकडे उत्तर नव्हतं. कोणाकडेच नसतं. हे दोन शब्द मराठी घरात वेदवाक्य आहेत. त्यांच्या जोरावर आम्ही कंटाळवाणं नाटक तिसऱ्या अंकापर्यंत पाहतो, लग्नात पाकीट दिलंय म्हणून दोनदा जिलबी घेतो आणि आंबलेली लस्सी ग्लास उपडा करून संपवतो. काकांना मुळात माणिक वर्मांची भावगीतं आवडायची. पण काय आवडतं हा मुद्दा वर्गणी भरल्याच्या दिवशीच मागे पडला होता. पाहुण्यांना चकलीच्या ताटलीबरोबर अर्धा तास गझल ऐकावी लागे आणि निघताना काका वहीत नोंद करत. दर माणशी दर काढला तर तो आणखी खाली येतो, हा शोध त्यांना दिवाळीत लागला.

स्वयंपाकघरात, पोह्यांच्या डब्यामागे, काकूंचा जुना ट्रान्झिस्टर होता. काका ऑपेरा ऐकत असत तेव्हा तो हळू आवाजात आकाशवाणी मुंबईवर असे. त्याची वहीत नोंद नव्हती.

आमच्या घरी या विषयावर बैठक बसली ती काकांकडचा संच ऐकून आल्यावर. मराठी घरातली बैठक ठराव करण्यासाठी नसते, नोंदवून ठेवण्यासाठी असते. बायको म्हणाली, घ्यायचा तर घ्या, पण हॉलमधली एकुलती पूर्वेची खिडकी फ्रिजमागे आहे, फ्रिज कोण हलवणार? आई म्हणाली, मराठी वाहिनी आहे ना, मग कीर्तन लागतं का? आजीचं म्हणणं, पैसे घेऊन गाणं ऐकवणारे लोक आमच्या वेळी वेगळ्या वस्तीत राहायचे. आजी पंच्याऐंशीच्या पुढे होती, तिच्या विधानांवर चर्चा होत नसे.

बाबा गोदीतून निवृत्त. ते काही न बोलता उठले आणि कपाटातून रेशनकार्डाच्या पिशवीतून एक पुस्तक घेऊन आले. आजोबांचं रेडिओ लायसन्स. हल्लीच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही, पण या देशात रेडिओ ऐकायला सरकारी परवाना लागत असे. पोस्टात जायचं, वर्षाचे पंधरा रुपये भरायचे, पुस्तकात तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. १९८० च्या दशकात ते बंद झालं तोपर्यंत ही शिस्त चालली. आजोबांच्या पुस्तकातले शिक्के अजून वाचता येत होते. एका वर्षाचं पान कोरं होतं. “त्या वर्षी इन्स्पेक्टर येईल म्हणून रेडिओ गादीखाली असायचा,” बाबा म्हणाले. “आवाज गादीतूनच ऐकायचो. तेव्हापण रेडिओला पैसे होते, पण ते चुकवायची सोय होती. याच्यात ती कुठे आहे?”

मुद्दा बिनतोड होता. उपग्रह रेडिओची वर्गणी संपली की सेवा आपोआप बंद होत असे. ना इन्स्पेक्टर, ना गादी.

बाबांना ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या बाजूने इतिहासही उभा होता, आणि तोही मुंबईचाच. भारतातलं पहिलं नियमित रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी मुंबईतच सुरू झालं. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी उद्घाटन केलं. चालवणारी होती इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी, खासगी. तिचा हिशोब सरळ होता: श्रोत्याने वर्षाला दहा रुपये परवान्याचे भरायचे, त्यातला मोठा वाटा कंपनीला. संच महाग, परवानेधारक सगळ्या देशात मिळून काही हजार, आणि फुकट ऐकणारे किती ते देवाला ठाऊक. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत, १९३० मध्ये, कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि रेडिओ सरकारच्या गळ्यात पडला. पुढे सरकारनेही १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर इथल्या विविध भारतीवर जाहिराती घ्यायला सुरुवात केली. म्हणजे पंधरा रुपयेवाल्यांच्या भरवशावर राहण्यापेक्षा टूथपेस्टवाल्यांच्या भरवशावर राहिलेलं बरं, हे दिल्लीलाही कळलं. आपल्या गाण्याचे पैसे तिसराच कोणीतरी भरतो ही व्यवस्था आम्हाला फार मानवली. तिचा मोबदला म्हणून आम्ही त्याच्या साबणाचं नाव पाठ केलं. सौदा वाईट नव्हता.

आणि जाहिरात म्हणजे केवळ अडथळा, हे ज्याने घर चालवलं नाही तोच म्हणेल. जाहिरात लागली की आई गॅस बारीक करून यायची. बातम्यांचं तर विचारूच नका. पुण्याहून सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या लागेपर्यंत आंघोळ झाली पाहिजे. दिल्लीहून साडेआठच्या मराठी बातम्या सुरू झाल्या आणि अजून बुटाची नाडी सुटलेली असेल तर डॉकयार्ड रोडची गाडी गेली म्हणून समजा. घरातलं भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असायचं, हातातलं मागे, खरी वेळ आकाशवाणीची. रेडिओवरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या कार्यक्रमात नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचा संसार चालला असताना आमचाही चाललेला असे. बाळ कुडतरकरांचे टेकाडे भाऊजी आले की आमच्याकडेही चहा टाकला जाई. तो कार्यक्रम आम्ही कान देऊन ऐकत होतो असं नाही. तो घरात असायचा. चोवीस तास अखंड राग लावणाऱ्या वाहिनीवर सात-पाच कधी वाजतात ते कळायला मार्ग नव्हता. काकांच्या घरी संच आल्यापासून त्यांची दोनदा गॅसची नोंदणी करायची राहिली, असं काकूंनी मला जिन्यात सांगितलं.

आणखी एक गोष्ट पैसे भरल्यावर जाते, ती म्हणजे शिव्या द्यायचा आनंद. फुकटच्या रेडिओवर एखादं गाणं चौथ्यांदा लागलं की ‘यांना दुसरी तबकडी मिळत नाही का’ असं घरभर म्हणता येतं. पैसे भरलेल्या रेडिओवर तेच गाणं चौथ्यांदा लागलं की ‘कोणी घ्यायला सांगितलं होतं?’ हा प्रश्न येतो, आणि तो कंपनीला विचारलेला नसतो.

आमची बैठक या रीतीने अनिर्णित राहिली. बायकोने फ्रिजचा मुद्दा राखून ठेवला, आईने कीर्तनाचा. दर दिवाळीला कोणीतरी विषय काढी. दरम्यान बाजार पालटत होता. मुंबईत २००२ पासून खासगी एफएम वाहिन्या सुरू झाल्या होत्या, स्टेशनबाहेर फुटपाथवर शंभर-दीडशेला एफएम मिळे, आणि पुढे मोबाइलमध्येच रेडिओ आला. वर्ल्डस्पेसची अडचण अशी की अमेरिकेत उपग्रह रेडिओचा जीव आहे मोटारगाडीत, आणि चालत्या गाडीत, उंच इमारतींमधून तो ऐकू यायचा तर शहरात जागोजागी जमिनीवर पुनःप्रक्षेपक हवेत. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००५ मध्ये उपग्रह रेडिओबद्दल शिफारशी केल्या, पण धोरण काही ठरेना. आमच्या बैठकीची पद्धत दिल्लीतही चालते हे पाहून बरं वाटलं. तेव्हा हा रेडिओ राहिला घरात, खिडकीत, तुळशीपाशी. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा थांबली. तेव्हा देशात साडेचार लाखांच्या आसपास वर्गणीदार होते. ज्यांनी पुढचे पैसे आगाऊ भरले होते त्यांना ते परत मिळाले नाहीत.

३१ डिसेंबरच्या मध्यरात्री मुंबई बंदरातली जहाजं एकदम भोंगे वाजवतात. माझगावात ते असे येतात की जहाज जिन्यातच लागलंय असं वाटतं. त्या रात्री आम्ही गच्चीवर होतो. काकाही होते. मी सहानुभूतीचा सूर लावून म्हटलं, “काका, तुमचा रेडिओ गेला.” काका म्हणाले, “माझा गेल्याच वर्षी गेला. दिवाळखोरीची बातमी वाचली त्या दिवशी वही बंद केली. नूतनीकरण केलंच नाही. तीन वर्षांचे एकदम भरले तर सूट होती, ती मी घेतली नव्हती. जो सूट देतोय त्याला पैशाची घाई आहे, आणि ज्याला घाई आहे त्याला आगाऊ द्यायचे नाहीत. विक्रीकरात हे पहिल्या वर्षी शिकवतात.” मग त्यांनी अंतिम दर सांगितला: तासाला एकसष्ट पैसे, वीज वेगळी. काकू शेजारीच होत्या. गच्चीच्या दोरीवर, पूर्वेच्या बाजूला, त्यांची साडी वाळत होती.

पुढे एकदा माझगावातून चालत चोरबाजारात गेलो तेव्हा मला तसाच एक संच दिसला, एका इस्त्री आणि दोन टेलिफोनच्या मधे. विकणाऱ्याला विचारलं, चालू आहे का? तो म्हणाला, “माल एकदम चालू है साब. सॅटेलाइट बंद है.”

अमेरिकेत मात्र उपग्रह रेडिओचा धंदा तरला. एक्सएम ही कंपनी २००१ मध्ये सुरू झाली, सिरियस २००२ मध्ये, एकमेकींना खात खात दोघी २००८ मध्ये एक झाल्या. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ दर वेळी नवी गाडी घेतली की त्याबरोबर येणारे फुकटचे महिने मन लावून ऐकतो. फुकट संपलं की बंद करायला फोन करतो. तिकडचा माणूस भाव कमी करतो. हा नको म्हणतो. तो आणखी कमी करतो. मावसभाऊ गिरगावात वाढलेला, भुलेश्वरला कापड घेताना दुकानाच्या पायरीवरून परत बोलावलं जाण्याची सवय असलेला. त्याला ही वर्गणी घरच्यासारखी वाटते. वर्षातून एकदा तो फोन करतो आणि तेवढ्या पैशांत गाण्यांबरोबर घासाघीसही होते म्हणून खूश असतो. सगळ्यांना ती हौस नसते. वर्गणी बंद करणं मुद्दाम अवघड करून ठेवलंय, असा दावाच न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०२३ मध्ये त्या कंपनीवर लावला.

आपल्याकडे उपग्रह गेला, प्रश्न राहिला. तो आता मोबाइलमध्ये येतो, महिन्याच्या वर्गणीच्या रूपात. २०१७ मध्ये सारेगामाने कारवाँ काढला: आत ५,००० गाणी भरलेली, पैसे एकदाच. मुलांना आईवडिलांसाठी काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं आणि ते सहा हजारांच्या आत मिळालं तर उत्तम, त्यामुळे आमच्या इमारतीत तीन आले. एक आमच्या आईकडे आहे. पाच हजारांपैकी तिला तीस-चाळीस गाणी हवी असतात, आणि ती कुठे आहेत ते शोधायचा कंटाळा येतो म्हणून तिने त्यावर एफएमचं बटण शोधून काढलं. आता त्यावर दिवसभर विविध भारती असते. मधे जाहिरात लागली की ती गॅस बारीक करून येते.

माझा निकाल विचाराल तर तो काकांच्या वहीतून उचललेला आहे. रेडिओसाठी पैसे द्यायला हरकत नाही. गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला कुठून तरी पैसे मिळायलाच हवेत, आणि टूथपेस्टवाला सगळं कधीपर्यंत भरणार? पण महिन्याचे द्या, वर्षाचे नको. तीन वर्षांची सूट सांगणाऱ्याला नमस्कार करा. आपोआप नूतनीकरणाची खूण भरल्या दिवशीच काढून टाका. आणि ऐकलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका, नाहीतर शनिवारी ऑपेरा ठरलेला. शास्त्रीय संगीतासाठीच ज्यांचा जीव अडला असेल त्यांच्यासाठी प्रसारभारतीने २६ जानेवारी २०१६ पासून रागम् ही चोवीस तासांची वाहिनी सुरू केलेली आहे. ‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवर ती मिळते. वर्गणी नाही, आणि ओली साडी आड आली तरी चालते.